सोपं हाय, घरच्या घरी होते

आमच्या कॉलनीत सकाळी सात वाजता शाळा भरते. शिक्षक एक, विद्यार्थी एक, आणि विद्यार्थी पोर्चमध्ये चार चाकांवर उभा.

"इंजिन ऑइल?"

"हजर."

"कूलंट?"

"हजर."

"ब्रेक ऑइल?"

"हजर. पण पातळी किंचित खालावलेली दिसते. लक्ष राहू दे."

प्रश्न वानखडे बाई विचारतात आणि उत्तरंही वानखडे बाईच देतात. एका हातात ऑइल पाहायची लांब पट्टी छडीसारखी उभी धरलेली, दुसरा हात कमरेवर, पदर खोचलेला. बॉनेटच्या आत तोंड घालून त्या जे बोलतात ते शुद्ध पाठ्यपुस्तकातलं मराठी. तोंड बाहेर काढलं की वऱ्हाडी. एकदा मी याचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "सर, वर्गात वर्गासारखंच बोलावं लागते. नाहीतर पोरं डोक्यावर बसते."

मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझा पहिला तास अकराला असतो, त्यामुळे सकाळी सात ही वेळ माझ्या हिशेबात अश्मयुगात मोडते. नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडून "एअर फिल्टर?" असा खणखणीत आवाज येतो. शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून आयुष्यभर कमावलेला तो आवाज माझ्या उशीपर्यंत सहज पोचतो. सुरुवातीला मी झोपेतच "हजर" म्हणून उठून बसायचो. ही गोष्ट मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, अख्ख्या कॉलनीत सांगितली.

बाई सुलतानपूरच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या. तिथं त्यांनी आयुष्यभर पहिलीचाच वर्ग घेतला. मेहकरहून रोज एसटीनं जायच्या नि यायच्या. त्यांचे यजमान अण्णा वानखडे. बी-बियाण्यांचं नि खतांचं दुकान होतं त्यांचं बसस्टँडकडे. ते पुतण्याच्या हवाली केलं आणि त्याच वर्षी अण्णांनी ही गाडी घेतली. छोटी एसयूव्ही. म्हणजे रुबाब जीपचा आणि पोट कारचं. रस्त्यावर मोठी दिसते आणि पोर्चमध्ये बरोबर मावते, म्हणून आपल्यासारख्या माणसांना ती फार मानवते.

अण्णांना गाडीचं वेड असं की कोथिंबीर आणायलासुद्धा बीबी गावच्या बाजाराला निघायचे. मेहकरात कोथिंबीर मिळत नाही का, असं मी विचारलं की म्हणायचे, "मिळते ना बे. पन रस्ता नाही मिळत." शेजारच्या सीटवर बाई मांडीवर पिशवी घेऊन. परत येताना पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी आणि दोघांच्याही तोंडावर लग्नाला जाऊन आल्यासारखा आनंद.

दोनेक वर्षांपूर्वी अण्णांना लकवा मारला. उजवा पाय, उजवा हात आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला. हात अर्धामुर्धा आला. वाचा मात्र आली नाही. अगदी खरं सांगायचं तर सगळी गेली आणि "च्यामायला" एवढी एक शिवी राहिली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोक्यात शिव्यांचा कप्पा वेगळा असतो. त्यामुळे चहा घेता का विचारलं, "च्यामायला." आज बरं वाटतं का, "च्यामायला." मुलाचे, म्हणजे नितीनचे, सासरे भेटायला आले. त्यांनी हात जोडले. अण्णांनी डावा हात कपाळाशी नेला, मान लववली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "च्यामायला."

व्याही समजूतदार होते, पण अण्णांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी चारचौघांत तोंड उघडणंच सोडलं. पोर्चमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि गाडीकडे पाहत राहायचं. फोनवर मुलगा आला तरी ते मान फिरवायचे.

हा मुलगा नितीन पुण्यात असतो. पुण्याला गेल्यापासून तो "मले" ऐवजी "मला" म्हणतो, आणि आईशी वाद घालतानाही तोल सुटू देत नाही. त्यानं सरळ हिशेब मांडला. अण्णा आता गाडी चालवणार नाहीत. आईकडे लायसन्स आहे पण हिंमत नाही. उभी गाडी सडते. तेव्हा विकून टाकू.

बाईंनी फोन कानापासून काढून तोंडासमोर धरला, कारण त्यांना ऐकायचं नव्हतं, मोठ्यानं बोलायचं होतं. "कोनं सांगतलं उभी गाडी सडते म्हनून? उभी राह्यलेली सगळी पोरं नापास होते का? मी पाह्यतो तिच्याकडं. सोपं हाय. घरच्या घरी होते."

"आई, तुला पंक्चर तरी कळतं का?"

"दिवाळीले ये. सडली असन तर घेऊन जाय. नसन सडली तर पुन्हा नाव काढू नको."

असं ते ठरलं. दिवाळीला नितीन गिऱ्हाईक घेऊन येणार आणि गाडीचा निकाल लागणार. जी गाडी कोणी चालवत नाही ती राखण्यासाठी बाईंनी कंबर का कसली, हे मात्र कोणालाच कळेना. मंदा म्हणाली, नवऱ्याची आठवण. मी म्हटलं, नवरा समोर खुर्चीत बसलाय, आठवण कशाला पाहिजे? माझं मत होतं की हा निव्वळ मास्तरकीचा हट्ट आहे. मुलगा म्हणाला येत नाही, म्हणून आता येऊन दाखवायचं.

मग बाईंचं शिक्षण सुरू झालं. गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं, वर नावाची चिठ्ठी चिकटवली. नाव : गाडी. इयत्ता : पहिली. मोबाइलवर एक हिंदी बोलणारा गृहस्थ गाडीची घरगुती निगा शिकवतो, त्याला गुरू केलं. तो "नमस्कार दोस्तों" म्हणाला की बाईही मोबाइलला नमस्कार करायच्या.

त्यांचं तत्त्वज्ञान त्यांनी मला कुंपणावरून समजावून सांगितलं. "गाडीचं काय हाय सर, पह्यलीतल्या पोरासारखं. वेळेवर पानी पाजा, डोळे पुसा, कान साफ ठेवा, उन्हात उभं करू नका. अन् लाड जास्त करू नका. बारा महिने काई होत नाही."

डोळे म्हणजे पुढचे दिवे. ते पिवळे पडू नयेत म्हणून बाई त्यांना टूथपेस्ट लावून जुन्या धोतराच्या फडक्यानं घासायच्या, सकाळी पोरांचे दात घासावेत तशा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली की कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ती धुवायची, पुसायची, वरून पेट्रोलियम जेली लावायची. दारांच्या रबरांना ग्लिसरीन. एअर फिल्टर काढून ओट्यावर अलगद आपटायचा, तांदळातला कोंडा झाडावा तसा. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटच्या कोपऱ्यांत तंबाखूच्या पुड्या. अण्णांची तंबाखू डॉक्टरांनी बंद केली आणि ती बाईंनी गाडीला सुरू केली. बॉनेट उघडलं की वासानं अण्णांचा चेहरा जो काही व्हायचा, तो मला पाहवत नसे.

चाकं एकाच जागी टेकून चपटी होतात, म्हणून एक दिवसाआड गाडी हलवायची. बाईंची हिंमत पहिल्या गिअरपुरती. अण्णांना शेजारी बसवून त्या गल्लीच्या टोकावरच्या किराणा दुकानापर्यंत सरळ जायच्या आणि तिथून रिव्हर्समध्ये तशाच परत. वळवायची भानगडच नाही. परिणामी आज मेहकरात बाईंइतकं सफाईदार रिव्हर्स कोणी घेत नसेल. त्यांची गाडी निघाली की गल्लीतली पोरं, कोंबड्या आणि मी, सगळे ओट्यावर चढून उभे राहायचो.

घरच्या घरी करण्याचा हा साथीचा रोग आमच्याकडेही शिरला. बाई येता-जाता माझ्या मोटारसायकलकडे बघायच्या आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकायच्या. एकदा मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पन तुमची चेन कोरडी हाय." बाजूला माझे दोन विद्यार्थी उभे होते. घरी मंदा म्हणाली, "बघा, बाई या वयात गाडी उघडतात, तुम्हाला चेनीला तेल घालवत नाही." मी तेल घातलं. इतकं घातलं की पॅंटवर पडलं, आणि ते काढायला पुन्हा बाईंचा खायचा सोडा लागला.

आणि मधेच एकदा बाईंनी कॉलनीत पेढे वाटले. कशाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "गाडीची सर्व्हिसिंग झाली." सर्व्हिसिंगचे पेढे मी पहिल्यांदाच खाल्ले. चांगले होते. म्हटलं, बाईंचा एक स्क्रू ढिला झालाय, पण आपल्याला काय, गोड मिळतंय.

पावसाळा सरता सरता मात्र माझ्यातला इतिहासकार जागा झाला. बाई एकीकडे सांगायच्या की गाडी राखणं सोपं आहे, बारा महिने काही होत नाही. आणि दुसरीकडे त्यांच्या गाडीला रोज काहीतरी होत होतं. सोमवारी हॉर्न वाजेना. मंगळवारी मागचा टायर खाली बसला. काचेवर पाणी मारायची नळी निसटली, वायपर ढिला झाला, एकदा तर बॅटरीचीच वायर सुटून आली. माझी पंचवीस हजार वेळा शिव्या खाल्लेली मोटारसायकल एवढी रडत नव्हती. बिघाड झाला की बाई अंगणात उभ्या राहून मोठ्यानं म्हणायच्या, "आता हे काऊन झालं असन बाप्पा?" मग पाना घ्यायचा, चुकीच्या जागी लावायचा, घाम पुसायचा. खुर्चीतून अण्णांचं "च्यामायला" ऐकू यायचं. मग काही खुडबुड, काही हळू आवाजातलं बोलणं, आणि तासाभरानं हॉर्न वाजायचा.

मला मनातून गुदगुल्या होत होत्या, हे कबूल करतो. मोबाइलवर बघून गाडी उघडली की असंच व्हायचं. दिवाळीला गिऱ्हाईक येणार, बॉनेट उघडणार आणि बाईंचा एकुलता एक विद्यार्थी नापास होणार. मी मंदाला तसं भाकीतही करून ठेवलं.

आमच्याकडे नळ पहाटे येतो आणि त्या दिवशी मंदाला ताप होता. म्हणून मोटर लावायला मी उठलो. उजाडायला लागलं होतं. भिंतीपलीकडे बाई गाडीचं बॉनेट उघडून वाकल्या होत्या. अजून हजेरीची वेळ झाली नव्हती. त्यांनी फ्यूजच्या डबीचं झाकण उचललं, चिमट्यानं एक फ्यूज अलगद उपटला, रुमालात गुंडाळला आणि कमरेला खोचला. हे करताना हात असा सराईत की पाकीटमारानं पाहून ठेवावा. झाकण बंद केलं. वळल्या, तर समोर मी, हातात पाइप.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

शिक्षिकेला कॉपी करताना विद्यार्थ्यानं पकडावं, तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी आधी घराच्या खिडकीकडे पाहिलं. मग मला खुणेनं कुंपणाच्या टोकाशी नेलं.

"हॉर्नचा फ्यूज हाय," त्या म्हणाल्या. "कोनाले सांगू नका."

"रोज तुम्हीच बिघडवता?"

"मंग कोन बिघडवन? या गाडीले काईच होत नाही हो सर. महिना महिना पाह्यत राह्यलो मी. पानी बरोबर, ऑइल बरोबर, हवा बरोबर. लय सोपी हाय ते. वर्षातून एकदा तेल बदला अन् बसा. अन् मले तर रोज काम पाह्यजे."

"कशाला?"

बाईंनी पुन्हा एकदा खिडकीकडे पाहून घेतलं. मग सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना बोलतं ठेवा, नाहीतर उरलीसुरली वाचाही जाईल. पण बोलतं ठेवायचं कसं? भाजी काय करू, तर अण्णा मान हलवायचे. पेपर वाचून दाखवला, तर डोळे मिटायचे. बाईंनी पहिलीची पुस्तकं काढली, क कमळाचा सुरू केलं, तर अण्णांनी पुस्तक भिरकावलं. मग एक दिवस टायर पंक्चर झाला, खराखुरा, आणि बाई चाकाचा नट काढायला बसल्या. नट उलटीकडे पिळत होत्या. पिळून पिळून घामाघूम झाल्या. आणि मागून आवाज आला, "उलटा."

"म्या मान वळवून पाह्यलं. मले वाटलं दुसरंच कोनी आलं. पुन्हा म्हनले, उलटा. अन् त्याच्यानंतर म्हनले, येडी." बाईंचे डोळे भरले, पण तोंडानं त्या हसत होत्या. "माह्या नवऱ्यानं मले येडी म्हटलं सर. त्या दिवशी पेढे वाटले म्या."

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की विचारल्यावर शब्द येत नाहीत. आपण चुकलो की येतात. आयुष्यभर अण्णा त्यांना गाडीबद्दल एकच गोष्ट सांगत आले होते, की तुला यातलं काही कळत नाही. ते सांगितल्याशिवाय त्यांना आजही राहवत नव्हतं, लकवा असो की नसो. बाईंनी पाना उलटा धरला की अण्णांच्या घशात काहीतरी हलायचं, आधी शिवी निघायची आणि शिवीच्या मागून एखादा खरा शब्द. डावीकडं. ढिला. फ्यूज. तसे शब्द जमत गेले. ते फक्त गाडीपाशी, फक्त बाईंजवळ. इतर कोणी आलं की तोंड बंद.

"मंग नितीनले सांगून द्या ना," मी म्हटलं. "तो कायले विकन?"

"तो फोनवर बोलून जाईन. अन् यायले," त्यांनी घराकडे मानेनं खूण केली, "यायले समजलं का मी मुद्दाम करतो, तर संपलं. लहान पोरासारखं खेळवलं म्हनतीन. पुन्हा तोंड नाही उघडनार." मग त्यांनी कमरेचा रुमाल चाचपला. "दिवाळीले गाडी गेली ना सर, तर मी यायच्याशी कशाबद्दल भांडू?"

मोटर कोरडी चालतेय म्हणून मंदा आतून ओरडत होती. मी घरी गेलो आणि माझं भाकीत मागे घेतलं, मनातल्या मनात. मंदाला ते सांगितलं नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नितीन चिखलीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला घेऊन आला. फराळाच्या निमित्तानं मीही वानखड्यांच्या ओट्यावर होतो. अण्णा खुर्चीत, मांडीवर दुपट्टा, बाजूला काठी. बाई नवीन साडीत, पण पदर खोचलेला. मला एकच काळजी होती, सगळे फ्यूज जागेवर असतील ना. बाईंनी माझ्याकडे पाहून बारीक मान हलवली. होते.

व्यापारी पक्का होता. त्यानं खिशातून लोहचुंबकाचा तुकडा काढून पत्र्यावरून फिरवला, कुठं ठोकपीट करून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे का ते पाहिलं. दारांची रबरं ओढून पाहिली. सायलेन्सरमध्ये बोट घालून वास घेतला. ऑइलचं झाकण उघडून आत डोकावला. गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. बाई त्याच्या मागे-मागे, पेपर तपासणाऱ्याच्या मागे फिरावं तशा.

"गाडी कोनाच्या हातात हाय?" त्यानं विचारलं.

"माह्या," बाई म्हणाल्या.

"एक नंबर, काकू. दिव्याला डाग नाही, बॅटरी साफ, वायर एक कुरतडलेली नाही. उभी गाडी अशी मी तर नाही पाह्यली." आणि त्यानं जो भाव सांगितला तो ऐकून नितीनची करंजी हातात राहिली.

बाई जिंकल्या होत्या. निदान पाचेक श्वास घेईपर्यंत तरी. मग नितीन म्हणाला, "आई, कमाल केलीस तू. तुझ्यामुळेच एवढा भाव आला. आता द्यायची तर हीच वेळ आहे."

"आपलं ठरलं होतं. सडली असन तर."

"सडल्यावर कोण घेईल आई? तू उन्हातान्हात तिच्याखाली शिरतेस, मला तिकडे झोप लागत नाही. कुठे जायचं झालं तर भाड्याची गाडी सांग, मी बघतो काय ते."

पोरगा काही वाईट बोलत नव्हता. तेच तर अवघड होतं. गाडी वाचावी म्हणून बाईंनी ती इतकी राखली की ती विकायलाच लायक झाली. खरं कारण सांगावं तर अण्णा हातभरावर बसलेले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्याकडे पाहिलं. व्यापाऱ्यानं बयाणा द्यायला खिशात हात घातला.

तेवढ्यात काठी फरशीवर आपटली.

"इं," अण्णा म्हणाले. मान ताठ झाली होती, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. आता ती शिवी येणार, पाहुण्यासमोर, म्हणून नितीन पुढे सरसावला. पण अण्णांनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. "इंजिन. खोललं."

व्यापाऱ्याचा हात खिशातच थांबला. जुन्या गाडीचं इंजिन कधी खोललं असेल, म्हणजे उघडून दुरुस्त केलं असेल, तर तिची किंमत लग्न मोडलेल्या स्थळासारखी होते. बाकी सगळं कितीही चांगलं असो, माणूस पुन्हा विचार करतो. "काका, इंजिन खोललेलं हाय?"

अण्णांनी ओठ आवळले, आत कुठंतरी शब्द शोधला आणि व्यापाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "दोनदा."

व्यापाऱ्यानं चुंबक खिशात ठेवला. मालक स्वतः सांगतोय म्हटल्यावर त्याला दुसरा पुरावा नको होता. विचार करून फोन करतो म्हणाला, एक लाडू घेतला आणि गेला. त्याचा फोन येणार नाही, हे त्याच्या चालीवरूनच कळत होतं.

नितीनला गाडीचं भानच नव्हतं. तो बापाच्या पायाशी खाली बसला होता. "अण्णा, तुमी बोलून राह्यले? मले कोनी सांगतलं काऊन नाही?" पुण्यानं लावलेलं वळण एका क्षणात उतरलं. अण्णांनी डाव्या हातानं त्याच्या डोक्यावर टपली मारली. नितीनला रडू आवरेना, तेव्हा तो तोंड धुवायच्या निमित्तानं आत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

बाई मात्र लालबुंद झाल्या होत्या. मला वाटलं होतं तेवढा आनंद त्यांना झालेला दिसेना. "इंजिन कवा खोललं?" त्या अण्णांवर कडाडल्या. "एक स्क्रू बाहेरच्यानं नाही काढला कवा. दोनदा म्हने. माह्या गाडीले नावं ठेवता तुमी, तेही पाहुन्यासमोर?"

अण्णा त्यांच्याकडे पाहत होते. तोंडाची एक बाजू वर जात नाही, म्हणून त्यांचं हसू अर्धंच दिसतं. पण ते हसत होते. एकेक शब्द उचलून ठेवावा तसे ते म्हणाले, "तू. फ्यूज. काढते. म्या. इंजिन. खोललं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात हलवून सांगितलं की मी नाही, मी कोणाला काही बोललो नाही. मग मला आठवलं, या माणसानं आयुष्यभर दुकानात बसून खरं बियाणं कोणतं नि नकली कोणतं, ते मुठीत घेऊन सांगितलंय.

बाई पायरीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. आवाज अगदी लहान करून त्यांनी विचारलं, "कवापासून माहीत हाय तुमाले?"

"पह्यल्यापासून."

"मंग बोलले काऊन नाही?"

या प्रश्नाचं उत्तर अण्णांनी खूप शोधलं. ओठ हलले, मान हलली, कपाळावर घाम आला, पण शब्द काही येईना. शिवीसुद्धा आली नाही. शेवटी त्यांनी शोधणं सोडून दिलं आणि डावा हात पुढे केला. बाईंनी न समजून आपला हात त्यांच्या हातात दिला. सकाळपासून किती वेळा धुतला तरी बोटांच्या पेरांत काळं ऑइल राहिलंच होतं. अण्णांनी मांडीवरचा दुपट्टा उचलला आणि एकेक बोट पुसायला घेतलं, अंगठ्यापासून, अगदी सावकाश. करंगळीपाशी त्यांचा हात दमून थांबला, तेव्हा बाईंनी ती स्वतःच पुढे केली.